अक्काची पाठ आणि धुतलेली वाकळ

ज्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी हे लिहावयास बसलो, तो प्रश्न असा: माझ्या थोरल्या बहिणीच्या भाजलेल्या पाठीवर करडाची कातडी बसवली होती. ती प्रथम लागली आणि मग गळून पडली. ती गळाली ती बहिणीची वाकळ धुतल्यामुळे, की वाकळ धुतली नसती तरी गळालीच असती? आई मरेपर्यंत पहिले उत्तर धरून बसली. मी दुसरे खरे मानतो. परंतु मानणे आणि दाखवून देणे यांत अंतर आहे, असे मी फळ्यापुढे उभा राहून मुलांना जन्मभर सांगत आलो. म्हणून जे घडले ते आधी क्रमाने सांगतो, आणि माझे मत शेवटासाठी राखून ठेवतो.

तेव्हा निजामाचा अंमल होता. बीडच्या वस्तानिया शाळेत, म्हणजे प्राथमिकच्या वरच्या वर्गांना, मी गणित शिकवीत असे. वर्गात उर्दू, घरी मराठी. लिंबागणेशच्या बाजूला आमची थोडी जमीन होती, ती वाट्याने लावलेली. घरात आम्ही तिघे: आई, अक्का आणि मी. अक्का लग्नानंतर थोड्याच वर्षांत विधवा होऊन परत आली होती आणि घर तिच्याच हातांनी चाले. आईला तिच्याशिवाय मीठ सापडत नसे, आणि मला माझी टोपी.

चैत्रात कुरडयांचे दिवस आले. ज्यांनी कुरडया घातल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगतो: गहू भिजवून वाटतात, त्याचा पांढरा चीक काढतात आणि तो मोठ्या पातेल्यात घट्ट होईपर्यंत शिजवतात. उकळते पाणी अंगावर पडले तर ओघळून जाते. चीक ओघळत नाही. तो जेथे पडतो तेथे चिकटतो आणि पोटातली उष्णता धरून ठेवतो. अक्का चुलीकडे पाठ करून सोऱ्या पुसत बसली होती. चुलीचा एक दगड कलला आणि पातेले तिच्या पाठीवर आले. आईने दोन्ही हातांनी चीक ओढून काढला. चिकाबरोबर कातडीही आली. मानेच्या मुळापासून कमरेपर्यंत अक्काला पाठ अशी राहिली नाही.

बाजेवर घालून आम्ही तिला सरकारी दवाखान्यात नेले. डॉक्टर हैदराबादेत शिकून आलेले, वयाने माझ्याएवढेच, स्वभावाने फार चांगले होते. पहिले काही आठवडे अक्का जगते की नाही याचाच प्रश्न होता. ती जगली, पण जखम भरेना. डॉक्टरांनी मला त्याचे कारण सांगितले ते मला अजून आठवते, कारण ते कोणत्याही वर्गाला समजेल इतके सरळ होते. जखमेवर नवी कातडी मधून उगवत नाही, ती कडेकडून आत सरकते. जखम लहान असली तर कडा एकमेकींना भेटतात. अक्काच्या पाठीच्या कडा एकमेकींपासून इतक्या दूर होत्या की त्या भेटेपर्यंत अंगातला ओलावा, ताकद, सगळे त्या उघड्या जागेतून पाझरून जाणार होते.

"मग वरून कातडी आणून घालावी लागेल," ते म्हणाले. "बकरीच्या पिल्लाची. पातळ असते, नरम असते. किताबात लिहिलंय, लागते."

आई दाराशी उभी होती. "किताबात लिव्हलंय, म्हंजी कुनाच्या अंगाला लागली?"

"विलायतेत कोणाच्या तरी, मायजी."

"ते मानूस हाय का अजून?"

डॉक्टर माझ्याकडे पाहून हसले. आई हसली नाही. तिला खरोखर उत्तर हवे होते. मी विचारले की अक्काच्याच मांडीची कातडी का घेऊ नये. ते म्हणाले, इतकी मोठी पाठ झाकायची तर मांडीवर दुसरी पाठ करावी लागेल. एवढ्या दोन जखमा या शरीराला झेपायच्या नाहीत.

आमच्या घरच्या शेळीला तेव्हा करडू होते. तेच नेण्याचे ठरले.  तिसऱ्या दिवशी आई स्वतः डॉक्टरांपुढे जाऊन बसली.

येथे थोडे मागे जाऊन सांगणे भाग आहे. आईचे बालपण शेतावर गेले. पिके निघाली की धनगर त्यांच्या वावरात मेंढरे बसवीत, लेंड्यांचे खत रानाला मिळावे म्हणून. त्या लोकांची एक रीत आईने लहानपणापासून पाहिली होती. एखाद्या मेंढीचे कोकरू मेले आणि दुसरे एखादे कोकरू आईवाचून राहिले, तर मेलेल्या कोकराची कातडी काढून जिवंत कोकराच्या अंगावर अंगरख्यासारखी चढवतात. मेंढी वास घेते, तिला तो आपल्याच पिलाचा वाटतो, आणि ती त्याला पाजते. काही दिवसांनी कातडी काढतात. तोवर कोकराच्या अंगाला मेंढीच्या दुधाचा वास लागलेला असतो. कातडी लवकर काढली तर मेंढी कोकराला ढुशी मारून हाकलते.

"तसं अंगानं वळखलं तर?" आईने डॉक्टरांना विचारले. "की ह्ये माझं न्हाई, म्हनून?"

"मायजी, पाठीला नाक नसतं."

"तुमी बगितलंय का पाठ उघडून?"

"तुमच्या मुलीची रोज बघतो."

"मग दिसलं न्हाई म्हनून न्हाईच, असं हाय का?"

डॉक्टरांनी हात जोडले. "बोला. काय करायचं?"

आईचे म्हणणे एवढेच होते की करडाला आधी अक्काचा वास लागू द्यावा. अक्काची एक वाकळ होती, तिच्याच जुन्या लुगड्यांची, तिनेच शिवलेली. सासरहून परत आल्यापासून ती त्याच वाकळेवर निजत असे. ती वाकळ करडाखाली घालायची, करडाला अक्काच्या हातून पाला द्यायचा, आणि कातडी लावल्यावर तीच वाकळ अक्काच्या खाली घालायची. डॉक्टर म्हणाले, याने नुकसान काहीच नाही, करा.

त्या दिवसांत दवाखान्याच्या ओसरीत करडू बांधलेले असे आणि आत अक्का पालथी पडून खाली लोंबणाऱ्या हाताने त्याला बाभळीचा पाला देई. करडाने वाकळेचा एक कोपरा खाल्ला.

"बगितलं का रे," अक्का मला म्हणाली, "माझी वाकळ खाल्ली त्यानं. आता कातडी देऊन भरपाई करतंय. आपल्या वाटेकऱ्यापेक्षा बरं हाय."

"तुला शिंगं फुटली तर?"

"तर पैलं तुला मारीन."

करडाला मारावे लागले नाही. त्याच्या मांड्यांच्या आतल्या बाजूचे केस काढून वस्तऱ्याने पातळ पट्ट्या घेतल्या आणि अक्काच्या पाठीवर, फरशी बसवावी तशा, एकीला लागून एक मांडल्या. काही दिवसांनी मलमपट्टी उघडली तेव्हा डॉक्टर, आई आणि मी असे तिघेही उभे होतो. पट्ट्या चिकटल्या होत्या. डॉक्टरांनी चिमट्याने एकीची कड उचलून पाहिली, ती उचलेना. रंग फिका गुलाबी होता आणि पाझर थांबला होता. अक्काने विचारले, "काय दिसतंय?" आईने तिच्या डोक्यावर हात ठेवला. इतक्या आठवड्यांत अक्का त्या दिवशी प्रथम स्वस्थ झोपली.

कंपाउंडर मात्र रोज कुरकुर करीत असे की खोलीत शेळीचा वास येतो, रोग्याच्या खोलीत हे चालायचे नाही. कातडी लागली, आता वासाचे काम संपले, असे आईला वाटले. दुसऱ्या दिवशी तिने वाकळ काढली, बिंदुसरा नदीवर नेली, रिठ्याने धुतली आणि खडकावर वाळत घातली. परत आली तेव्हा ती जवळजवळ आनंदी होती, हे मला स्पष्ट आठवते. तशी मी तिला पुन्हा पाहिली नाही.

वाकळ धुतल्यानंतर दोन-तीन दिवसांत पट्ट्यांचा रंग काळवंडू लागला. कडा वाळल्या आणि कांद्याच्या सालीप्रमाणे वर वळल्या. मग खाली पू धरला. एका सकाळी मलमपट्टी सोडवताना सगळ्या पट्ट्या कापडाबरोबरच निघून आल्या आणि खाली तीच जखम होती, पूर्वीपेक्षा अधिक लाल.

आई म्हणाली, "मी धुतली."

"मायजी, त्याचा काही संबंध नाही," डॉक्टर म्हणाले.

"लवकर काढली मी," आई म्हणाली. त्यानंतर कित्येक दिवस ती हेच म्हणत राहिली.

डॉक्टरांनी मला बाजूला घेतले. जनावर ते शेवटी जनावर, ते म्हणाले. माणसाची कातडी लावून पाहू. भावाची असेल तर उत्तम, एकच खून, एकच रक्त. त्यांनी मला एवढेच बजावले, "मास्तरसाहेब, उम्मीद ठेवा. यकीन नको." मी त्याच आठवड्यात टेबलावर झोपलो. माझ्या उजव्या मांडीची कातडी त्यांनी काढली. त्याच वेळी, का कोण जाणे, त्यांनी अक्काच्या मांडीचाही एक तुकडा घेतला, तुळशीच्या पानाएवढा, आणि तो तिच्या पाठीच्या मधोमध माझ्या कातडीच्या पट्ट्यांत बसवला. "एक तिचाही असू द्या," एवढेच म्हणाले.

या वेळी आईने वाकळेला कोणालाही हात लावू दिला नाही. तिने आधी ती स्वतः अक्काच्या अंगाखाली ठेवून तिच्या घामाने भिजू दिली होती. आता झाडलोट करणाऱ्याने वाकळेचे टोक उचलले तरी ती त्याच्यावर ओरडे. कंपाउंडर काही बोलू लागला तर म्हणे, "बोलू नको बाबा. तुजं ऐकून एकदा बगितलं."

पट्टी उघडली. डॉक्टरांनी माझ्या कातडीवर बोट दाबले आणि उचलले. दाबलेली जागा पांढरी झाली आणि पाहता पाहता पुन्हा लाल झाली. करडाच्या कातडीत असे झाले नव्हते. "रक्त आत आलं," ते म्हणाले. माझ्या अंगावर वाढलेली कातडी अक्काचे रक्त घेत होती. तेव्हा मला जे वाटले ते मी लिहिणार नाही. ज्याला बहीण आहे त्याला ते कळेल.

ते दिवस चांगले होते. अक्का उठून बसली, भाकर मागून खाल्ली. मी शाळेतून थेट दवाखान्यात जाई. मांडीच्या दुखण्याने मला लंगडत चालावे लागे.

"आला का लंगडा मास्तर," ती म्हणे.

"माझी कातडी आहे. जपून वापर."

"लई राठ हाय. बाईमाणसाला शोभत न्हाई. दुसऱ्या भावाची आणा म्हनावं."

"दुसरा नाही."

"तेच तर माझं नशीब."

करडाच्या कातडीपेक्षा माझी कातडी बरीच जास्त टिकली. त्यामुळे ती कायमची आहे असे आम्ही सर्वांनीच धरले होते. एका सकाळी ती सुजलेली दिसली. मग जांभळी पडली, तिच्यावर फोड आले आणि पट्ट्या एकामागून एक सुटू लागल्या. शेवटी माझ्या कातडीपैकी काहीही उरले नाही. उरला तो अक्काच्याच मांडीचा पानाएवढा तुकडा. तो होता तेथे होता, स्वच्छ आणि जिवंत. त्याची कड थोडी पुढे सरकलीही होती. सगळीकडे उघडी जखम आणि मध्ये तेवढीच पाठ.

मी अक्काच्या तोंडासमोर जमिनीवर बसलो. ती पालथीच होती.

"काऊन रडतो रे?" तिने विचारले.

"माझीसुद्धा पडली, अक्का."

"तुजी कशी राहील? ल्हानपनापासून तुजं माजं कदी पटलंय का?"

ती हसली म्हणून मीही हसलो. 

मी डॉक्टरांना म्हणालो, तिचाच तुकडा टिकला. तर मग आता तिचीच कातडी घ्या, थोडी थोडी घ्या. त्यांनी मला अक्काची मांडी दाखवली. पानाएवढा तुकडा घेतला ती जागाही भरली नव्हती. "आता तिच्या जिस्ममध्ये द्यायला काही राहिलं नाही," ते म्हणाले. नंतर ओसरीतल्या बाकावर, जेथे पूर्वी करडू बांधलेले असे, तेथे ते माझ्याजवळ येऊन बसले. म्हणाले:

"किताब लिहिणाऱ्याने पट्टी कधी उघडली असेल, मास्तरसाहेब? चार-आठ दिवसांनी. चिकटलेली दिसली, लिहून टाकलं की लागली. महिन्याने कोण गेलं बघायला? करडाच्या वेळी मीसुद्धा हैदराबादला कळवणारच होतो."

"मग अंग कशाने ओळखतं, साहेब? हे माझं, हे परकं?"

"खुदा जाणे. मला नाही माहीत. तुमच्या आईला जेवढं माहीत तेवढंच मला."

आषाढ लागला आणि अक्का गेली. तिला आंघोळ घालताना आईने तिची पाठ पाहिली. घरी आल्यावर तिने तळहातावर दुसऱ्या हाताचे बोट ठेवून मला दाखवले, तो तुकडा केवढा होता ते. मी म्हणालो, मला माहीत आहे. तरी तिने पुन्हा दाखवले.

करडाच्या मांडीची जखम भरली. तेथे केस तेवढे आले नाहीत. माझीही भरली. ज्या दोघांची कातडी घेतली होती ते दोघे बरे झाले. करडाची शेळी झाली. आईने ती विकू दिली नाही. थंडीत ती वाकळ शेळीखाली घालीत असे. स्वतः मात्र तिने पुन्हा कधी वाकळ घेतली नाही, कोणत्याही दिवसांत जमिनीवरच निजे.

पुष्कळ वर्षे मी आईशी या एका विषयावर बोलत राहिलो. मला वाद जिंकायचा नव्हता. तिच्या मनावरचे ओझे उतरावे एवढीच माझी इच्छा होती. मी म्हणे, "आई, दुसऱ्या वेळी वाकळ धुतली नव्हती. तरी माझी कातडी पडलीच."

ती म्हणे, "पर जास्त टिकली का न्हाई? वाकळ व्हती म्हनून टिकली. एकदा धुतलेला वास पुरता येत न्हाई."

"आणि अक्काचाच तुकडा राहिला तो?"

"त्यो तर तिचाच. त्याला वासच तिचा."

पाहा, माझा प्रत्येक पुरावा तिच्या मतात नीट बसत होता. मुलांना मी शिकवत असे की चुकीची रीत कोठे तरी अडतेच. आईची रीत कोठे अडत नव्हती.

मग एका वर्षी मेंढरे आमच्या वावरात बसली असताना मी मुद्दाम तेथे जाऊन राहिलो. कोकराला कातडी चढवताना पाहिले. मेंढीने शेपटाकडे नाक नेले, थांबली आणि मग कोकराला पिऊ दिले. मी धनगराला विचारले, कातडी लवकर काढली तर काय होते?

"कदी मारती, कदी न्हाई. मेंढी-मेंढीवर हाय, मास्तर."

हे ऐकून मी उड्या मारीतच घरी आलो म्हणा. आईला सांगितले: लवकर काढली तरी प्रत्येक वेळी बिघडते असे नाही, धनगर स्वतः म्हणतो. आईने तांदूळ निवडणे थांबवले.

"कदी मारती म्हनला का न्हाई?"

"म्हणाला."

"मंग झालं तर," ती म्हणाली आणि पुन्हा निवडू लागली.

त्यानंतर मी हा विषय काढला नाही. आई एका हिवाळ्यात गेली. शेळी त्याआधीच मेली होती. वाकळ कोठे गेली ते मला ठाऊक नाही.

आता माझे मत. मेंढी नाकाने ओळखते, म्हणून तिला फसवता येते. अंग नाकाने ओळखत नाही. ते कशाने ओळखते हे मला समजलेले नाही, पण ते वासाहून खोल काही तरी असावे. करडाला अंगाने लवकर ओळखले, मला उशिरा ओळखले, आणि स्वतःच्या तुकड्याला कधीच परके मानले नाही. अंतर जितके जास्त, तितकी गळती लवकर. वाकळ धुतली नसती तरी अक्काच्या पाठीवर करडाची कातडी राहिली नसती, असे मी मानतो. आईने काही बिघडवले नव्हते. हे तिला पटवण्यासाठी मला एकाच वेळी दोन पाठी हव्या होत्या, एक धुतलेल्या वाकळेवर आणि एक न धुतलेल्या. माझ्याजवळ एकच पाठ होती, आणि तीही राहिली नाही.

म्हणून माझे मत कोणी माझ्या शब्दावर घेऊ नये. असा प्रसंग कोणाच्या घरी आला आणि परकी कातडी लागली असे कोणी सांगितले, तर पहिली पट्टी उघडल्यावर समाधान मानू नका. एक लहान तुकडा रोग्याच्या स्वतःच्या कातडीचा शेजारी लावण्यास सांगा, महिन्याने परत जा, पट्टी उघडवा आणि दोन्ही जागा स्वतःच्या डोळ्यांनी तपासून पाहा.